रक्ताचे आजार : अंगावर दिसणाऱ्या खुणा

बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात बसायला जागा नसते. गेल्या महिन्यात अशाच गर्दीत चाळिशीच्या एक बाई आल्या. खुर्चीवर टेकता टेकताच म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, लई थकवा येलालाय बघा. एक ताकदीची सलाईन लावा, म्हंजे संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं जाते.’ अहमदपूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचे गाव. दोन्ही जिल्ह्यांतले लोक इथे येतात, आणि ‘ताकदीची सलाईन’ ही मागणी दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडते.

मी त्यांना खिडकीपाशी उजेडात नेले आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पापणीची आतली बाजू लालसर गुलाबी असायला हवी. यांची कागदासारखी पांढरी होती. जीभ पांढुरकी आणि गुळगुळीत, नखे सपाट. तपासणीत हिमोग्लोबिन निघाले ५.२. निरोगी बाईचे ते १२ च्या वर असायला हवे. मग एकेक विचारत गेलो तेव्हा कळले, की वर्षभरापासून पाळी आठ-दहा दिवस चालते, अंगावरून फार जाते, गाठी पडतात. घरात कुणाला सांगितले नव्हते. ‘बायकांचं असतंच की ते,’ असे त्यांचे म्हणणे.

सलाईनच्या बाटलीत असते मिठाचे नाहीतर साखरेचे पाणी. अंगातले रक्त निम्म्यावर आलेले असताना त्यात पाणी ओतून ताकद कशी येणार? उलट इतके कमी रक्त असलेल्या माणसाला घाईघाईने सलाईन चढवली, तर हृदयावर ताण येऊन धाप लागण्याची भीती असते. बाईंना लातूरला पाठवले. तिथे रक्त दिले गेले, सोनोग्राफीत गर्भाशयाची गाठ सापडली आणि आता उपचार चालू आहेत.

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ‘मला रक्ताचा आजार झाला आहे’ असे म्हणत आलेला रुग्ण मी जवळजवळ पाहिलेला नाही. रक्ताचा आजार येतो तो दुसऱ्याच्या नावाने. कधी अशक्तपणा म्हणून, कधी संधिवात, कधी कावीळ, मूळव्याध किंवा न उतरणारा ताप म्हणून. आणि आपणही, यात आम्ही डॉक्टर मंडळी आलोच, त्या वरवरच्या नावावरच औषध देत बसतो. म्हणून आजच्या लेखात या आजारांच्या खुणांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

रक्तात असते काय?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातला निम्म्याहून अधिक भाग म्हणजे पिवळसर द्रव. त्यात तीन प्रकारच्या पेशी तरंगत असतात. तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू घेऊन अंगभर पोचवते. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. तिसऱ्या बिंबिका, म्हणजे डेंग्यूच्या साथींमुळे आता घरोघरी माहीत झालेल्या प्लेटलेट्स. जखम झाली की त्या छिद्र बुजवतात. बिंबिकांच्या मदतीला पिवळसर द्रवातले काही घटक असतात, त्यांच्यामुळे रक्त साकळते. या सगळ्या पेशी तयार होतात हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, बिंबिका आठ-दहा दिवस.

एवढे लक्षात ठेवले की लक्षणांचा उलगडा आपोआप होतो. तांबड्या पेशी कमी झाल्या की थकवा, धाप, धडधड आणि पांढरेपणा. पांढऱ्या पेशी बिघडल्या की सारखा ताप आणि संसर्ग. बिंबिका किंवा साकळणारे घटक कमी पडले की रक्तस्राव. तिन्ही प्रकारची लक्षणे एकाच माणसात दिसू लागली, तर कारखान्यातच, म्हणजे अस्थिमज्जेतच काही बिघडले असावे अशी शंका घ्यायची.

पांढरेपणा

सगळ्यांत जास्त आढळणारा आजार अर्थातच रक्तक्षय, ज्याला आपल्या जुन्या वैद्यकात पंडुरोग म्हणत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के रक्तक्षयाच्या कक्षेत आढळली. म्हणजे घरात चार बायका असतील तर दोघींना तरी आहे, असे समजून चालायला हरकत नाही. आजार इतका सार्वत्रिक झाला की तो आजार वाटेनासा होतो, हीच अडचण आहे.

हिमोग्लोबिन हळूहळू उतरत गेले तर शरीर त्याच्याशी जमवून घेते. सात-आठ हिमोग्लोबिन असलेल्या बाया दिवसभर खुरपतात, सोयाबीन काढतात, घरी येऊन भाकरी थापतात. त्यांना विचारले तर ‘मला काही नाही’ म्हणतात. मग बारीक गोष्टी विचाराव्या लागतात. विहिरीवरून घागर आणताना पूर्वी थांबत नव्हता, आता थांबावे लागते का? जिना चढताना छातीत धडधडते का? बसून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का?

आणखी एक प्रश्न मी हमखास विचारतो, आणि त्यावर बाया पदर तोंडाला लावून हसतात : माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? अशी विचित्र खा-खा लोह कमी झाल्याची खूण असते. पोर माती खाते म्हणून त्याला मार देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्या पोराला रक्ताच्या तपासणीची गरज असते. नखे चपटी किंवा चमच्यासारखी खोलगट होणे, तोंडाचे कोपरे चिरणे, केस गळणे ही त्याच घरची माणसे.

लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या घेतल्यावर शौचाला काळे होते, थोडी मळमळ होते. काळे झाले म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नयेत. चहाबरोबर किंवा चहाच्या मागेपुढे मात्र घेऊ नयेत. चहा लोह शोषू देत नाही, आणि आपल्याकडे तर जेवण झाले की चहा ठरलेला! लिंबू पिळलेल्या वरणभाताचा उपयोग होतो. हिमोग्लोबिन वाढल्यानंतरही साठा भरून निघण्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. बहुतेक जण नेमके तिथेच सोडतात. गूळ-शेंगदाणे, अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला, अळीव खावेत, लोखंडी कढई वापरावी, पण सहावर आलेले हिमोग्लोबिन नुसत्या गुळाने वर येत नाही. बीट लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते हा समजही सोडून द्यावा.

दोन महिने गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलले नाही, तर डोस वाढवत बसू नये. तिथे काहीतरी वेगळे आहे.

त्यातले एक कारण आपल्या भागात फार दिसते. माळकरी घरातला साठीचा माणूस. अंडे-मटण आयुष्यात शिवलेले नाही, दूध-दही होते ते डेअरीला जाते. तो येतो पायाला मुंग्या येतात म्हणून. चालताना पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते, जीभ लाल होऊन तिखट लागते, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडलेली. हा बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून आपल्या लोकांत हा अभाव किती पसरलेला आहे हे पुढे आले. यात तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या होतात. नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंचे नुकसान मात्र चालूच राहते. योग्य वेळी बी-१२ दिले तर मुंग्या जातात, उशीर झाला तर पूर्ण जात नाहीत. माळ न मोडताही हे औषध घेता येते, एवढे मी आवर्जून सांगतो.

पुरुषाचे रक्त कमी निघाले तर त्याला टॉनिक देऊन पाठवू नये, आधी रक्त कुठून जाते ते शोधावे. पुरुषाला पाळी नसते, तेव्हा लोह कमी व्हायला त्याला कारण लागते. मूळव्याध असेल. मेडिकलवरून रोज दोन गोळ्या घेऊन गुडघेदुखी दाबत असेल, तर जठरात जखम होऊन रक्त झिरपते आणि शौचाला डांबरासारखे काळे, चिकट होते. पन्नाशीनंतर मात्र आतड्याचा कर्करोगही मनात धरावा लागतो. अनवाणी शेतात फिरणाऱ्यांत आकडेकृमी हे जुने कारण अजून संपलेले नाही.

बायकांच्या बाबतीत उलट चूक होते. अंगावरून जास्त जाते म्हटले की पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यभर गदारोळ झाला, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्याकडूनही टोळ्या कारखान्यांवर जातातच. ज्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच भरमसाट रक्तस्राव होतो, दात काढल्यावर ज्याचे रक्त थांबत नाही असा कुणी जिच्या घरात आहे, तिच्या रक्तात साकळण्याचा दोष असू शकतो. तिथे दोष पिशवीचा नसतो.

किनवटचा मुलगा

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. १९९७ ते १९९९ अशी दोन वर्षे मी किनवट तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. पैनगंगेपलीकडे यवतमाळ, दुसरीकडे आदिलाबादची हद्द, मध्ये सागाचे जंगल. गोंड, कोलाम, आंध, परधान यांची वस्ती. आश्रमशाळेतला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा वडिलांनी खांद्यावर आणला. हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडत होता. ‘दर थंडीत याचे सांधे धरतात,’ वडील म्हणाले. मी सांध्यांवर हात फिरवला, थोडा ताप होता. संधिवाताचा ताप असे ठरवून औषध दिले. चार दिवसांत दुखणे थांबले आणि माझे निदान बरोबर ठरले असे मला वाटले.

पुढच्या हिवाळ्यात तोच मुलगा पुन्हा आला. या वेळी डोळे पिवळे होते. मधल्या काळात गावातल्या एका जाणत्याने त्याची कावीळ दोनदा ‘उतरवली’ होती. आमच्याकडचा प्रयोगशाळा तंत्रज्ञ पूर्वी नागपूरकडे काम केलेला. त्याने चाचरत विचारले, ‘सर, याची सिकलिंग केली का?’ बोटाला टोचून घेतलेला थेंब काचेवर ठेवून त्याने औषध घातले, कडा बंद केल्या आणि काही वेळाने मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले. गोल पेशींच्या जागी ज्वारी काढायच्या विळ्यासारख्या वाकड्या पेशी. पुस्तकातले चित्र मी परीक्षेत काढले होते, जिवंत पहिल्यांदा पाहत होतो.

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहून त्यांचे पहिले वर्णन लिहिले. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. नागपूर भागातला सिकलसेल शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी पुढे कित्येक वर्षे आदिवासी पाड्यांवर हिंडून या आजाराचे काम केले. महाराष्ट्रातल्या भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत शंभरात वीस ते पस्तीस जणांत या दोषाचा अंश आढळला आहे. मात्र हा फक्त आदिवासींचा आजार समजणे चूक आहे. विदर्भात तो इतर समाजांतही आहे, आणि लग्ने, बदल्या, रोजगार यांमुळे माणसे सगळीकडे पोचली आहेत.

वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून भयंकर वेदना होतात. अशी पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. ही यकृताची कावीळ नव्हे. तिला झाडपाला लागू पडत नाही आणि पथ्याचाही काही संबंध नाही. दुखण्याची उबळ थंडीने, तहानेने, तापाने, अति श्रमाने येते. तान्ह्या बाळात पहिले सहा महिने काही दिसत नाही, कारण तोवर गर्भातले हिमोग्लोबिन सांभाळून घेते. त्यानंतर हातापायांचे पंजे सुजून बाळ किरकिरते, ही पहिली खूण. मोठ्या मुलाची वाढ खुंटते, पोटात डाव्या बाजूला पाणथरी लागते, घोट्याजवळ न भरणारी जखम होते. अशा मुलाला ताप आला, पोट एकाएकी फुगून मूल पांढरे पडले, छातीत दुखून दम लागला, किंवा एका बाजूची शक्ती गेली तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.

ज्याच्यात दोषाचा अर्धाच वाटा असतो तो वाहक. त्याला सहसा काहीच त्रास नसतो. पण वाहक नवरा आणि वाहक बायको एकत्र आले, तर दर गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. त्या मुलाची धाकटी बहीण वाहक निघाली. तिच्या वडिलांनी मला हळूच विचारले होते, ‘साहेब, हे गावात कळलं तर पोरीचं लग्न होईल का?’ मी तेव्हा त्यांना जे सांगितले तेच आजही सांगतो : वाहक मुलीचे लग्न व्हायला काहीच अडचण नाही, फक्त मुलाची तपासणी लग्नाआधी व्हावी. बारा-तेरा वर्षांनी मला अहमदपूरला फोन आला. जावई तपासून घेतला होता, तो निर्दोष निघाला होता. भावाची तब्येत हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळ्यांवर बरी होती. या गोळ्यांनी उबळी कमी होतात, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी करण्याचे ठरले. गावात पथक आले तर ‘आम्हाला काही होत नाही’ म्हणून रानात निघून जाऊ नये. वाहकाला काही होत नसतेच.

थॅलॅसेमिया

याचाच चुलतभाऊ थॅलॅसेमिया. यात हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही. सहा महिन्यांनंतर बाळ पांढरे पडत जाते, दूध पीत नाही, पोट वाढते, पुढे गालाची हाडे वर येतात. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातून साठणारे लोह काढण्याची औषधेही. अशा मुलाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाचे टॉनिक पाजणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे. याचे वाहक धडधाकट असतात. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास, पेशी बारीक, आणि लोहाने फरक नाही. एच.पी.एल.सी. या तपासणीत वाहक कळतो. आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याची मुलगी करण्याची रीत अजून आहे, कुठे कुठे बहिणीचीच लेक बायको करून आणतात. एकाच घरातला दोष दोन्ही बाजूंनी येण्याचा धोका अशा लग्नात वाढतो. रीत मोडा असे सांगायला मी बसलेलो नाही, पण पत्रिकेबरोबर रक्त जुळवायला काय हरकत आहे?

रक्त थांबत नाही तेव्हा

नडगीवर किंवा पोटऱ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले तर काचेचा पेला त्यावर दाबून पाहा. डास चावल्याचा किंवा पुरळाचा लालपणा दाबल्यावर नाहीसा होतो. कातडीखाली झालेला रक्तस्राव तसाच दिसत राहतो. असे ठिपके, न लागता उठलेले काळेनिळे डाग, हिरड्यांतून आणि नाकातून वारंवार रक्त, ही बिंबिका कमी झाल्याची लक्षणे. लहान मुलांत साध्या विषाणूच्या तापानंतर दोन-तीन आठवड्यांनी हे होते आणि बहुतेक मुले आपोआप बरी होतात, पण ते ठरवायचे डॉक्टरांनी, रक्त तपासून.

हिमोफिलिया याहून वेगळा. यात बिंबिका ठीक असतात, साकळणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. आजार आईकडून येतो आणि दिसतो मुलग्यांत. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाकडून तो युरोपच्या राजघराण्यांत गेला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मूल रांगू लागले की गुडघे, कोपर, घोटे सुजतात, कारण सांध्यात आतल्या आत रक्त साठते. सुंता केल्यावर किंवा दात पडल्यावर रक्त दिवसभर गळत राहते. एक तृतीयांश मुलांच्या घरात मात्र आधी कुणालाच हा आजार नसतो, त्यामुळे ‘आमच्यात कुणाला नाही’ यावर विसंबू नये.

आपल्या भागातला धोका म्हणजे सुईचा हट्ट. गुडघा सुजलेले पोर आणून आई-बाप म्हणतात, ‘एक सुई द्या, लवकर गुण येतो.’ हिमोफिलियाच्या मुलाला दंडात किंवा कमरेत दिलेली सुई स्नायूत रक्ताची मोठी गाठ करते. अॅस्पिरिन तर अजिबात चालत नाही. आणि गंमत अशी, की हिमोग्लोबिन, पेशी, प्लेटलेट हे सारे आकडे नॉर्मल येतात. साकळण्याची वेगळी तपासणी केल्याशिवाय हा आजार सापडत नाही. म्हणून मुलाला पूर्वी खूप वेळ रक्त गळले असेल तर ते आधी सांगा, सुई मागण्याच्या आधी.

ताप, हाडे आणि गाठी

रक्ताच्या कर्करोगाचे नाव घेतले की लोक हातपाय गाळतात. मुलांत सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग योग्य उपचारांनी बहुतांश मुलांत पूर्ण बरा होतो, हे आधी लिहून टाकतो. खुणा अशा : दोन-तीन आठवडे उतरून पुन्हा येणारा ताप, वाढता पांढरेपणा, हाडे दुखतात म्हणून मुलाचे चालणे बंद होणे, मानेत-काखेत गाठी, ठिपके, सुजलेल्या हिरड्या. यातले एकेक वेगळे काढले तर साधे वाटते. दोन-तीन एकत्र आले की त्याच आठवड्यात रक्त तपासावे. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असतात. या आजारात त्या लाखावर जाऊ शकतात, किंवा दोन हजारांवरही येऊ शकतात. तेव्हा ‘पेशी वाढलेल्या नाहीत’ म्हणून निश्चिंत होता येत नाही.

माझ्याकडे आलेल्या सात वर्षांच्या एका मुलीला पायदुखीसाठी महिनाभर कुठल्या तरी लहानशा पिवळ्या गोळ्या चालू होत्या. त्या स्टेरॉइडच्या निघाल्या. ताप गेला, दुखणे गेले, भूक लागली, चेहरा गोल झाला. घरचे खूश. गोळ्या बंद झाल्या आणि आठ दिवसांत सगळे दुपटीने परतले. स्टेरॉइडने हा आजार काही दिवस झाकला जातो, नंतरचे निदान अवघड होते आणि उपचारही. त्या गोळ्या कुणी दिल्या हे लिहून उपयोग नाही. सांध्यांची ‘जादूची पुडी’ देणारे प्रत्येक बाजारात आहेत. मुलगी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयातून पुढे मुंबईला टाटा रुग्णालयात गेली. उपचार अडीच वर्षे चालले. आता ती दहावीला आहे.

तपासणी कोणती करावी?

नुसते हिमोग्लोबिन पुरत नाही. सी.बी.सी. करून घ्यावी, आणि शंका असेल तर रक्ताची काच, म्हणजे स्मिअर, डोळ्यांनी पाहिलेली असावी. यंत्र आकडे देते, पेशीचा चेहरा दाखवत नाही. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट तीस हजार आल्या म्हणून रात्री गाडी करून नांदेडला धावलेले लोक मी पाहिले आहेत. तिथे काच पाहिली तर नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले होते आणि यंत्राला ते मोजता आले नव्हते. उलट काचेवर एक विचित्र पेशी दिसली म्हणून वेळेत वाचलेलेही आहेत.

हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढच्या तपासण्यांसाठी विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख संस्था आणि अंबाजोगाईचे रुग्णालय आपल्याला जवळचे आहे. सिकलसेल, थॅलॅसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात समाविष्ट आहेत. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

येताना मात्र जुने सगळे कागद आणावेत. पाच वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन किती होते, रक्त कधी चढवले, कोणत्या गोळ्या चालू होत्या, यावरून निम्मे निदान होते. आमच्याकडे बहुतेकांचे रिपोर्ट पावसात भिजलेले, नाहीतर उंदरांनी कुरतडलेले असतात. खताच्या रिकाम्या पिशवीतली आतली प्लॅस्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन वाळवली, की त्यासाठी उत्तम चालते.